पुरेसे वाद्य : परिग्रहपरिमाण आणि सिंथेसायझरची निवड

ज्या संगीतकाराला गणेशोत्सवात, लग्नसमारंभांत आणि भावगीतांच्या मैफलींत साथ करून चरितार्थ चालवायचा असतो आणि उरलेल्या वेळात घरी बसून स्वतःच्या चाली बांधायच्या असतात, त्याने मोजक्या पैशांत कोणता सिंथेसायझर घ्यावा, हा प्रश्न वरकरणी बाजारभावाचा आणि तांत्रिक तपशिलांचा वाटतो. त्याच्या मुळाशी गेल्यावर मात्र 'पुरेसे' म्हणजे किती आणि ते कोणी, कशावरून ठरवायचे, हा धर्मविचारातील जुना प्रश्न समोर येतो. कारण वाद्य ही उपभोगाची वस्तू आहे तसेच साधनेचे उपकरणही आहे, आणि या दोन नात्यांनी तिच्याकडे पाहताना मनुष्य वेगवेगळी मापे वापरतो. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे की, पैशांची मर्यादा ही केवळ सोसण्याची उणीव राहिलीच पाहिजे असे नाही. ती कार्याच्या जाणिवेतून आणि स्वतःच्या हाताने आखली गेली, तर जैन आचारशास्त्र ज्याला परिग्रहपरिमाण म्हणते त्या व्रताचे रूप ती घेते आणि कलावंताला मोकळे करते.

पतंजलींनी योगसूत्रांच्या दुसऱ्या पादात सांगितलेल्या पाच यमांपैकी अपरिग्रह हा शेवटचा होय. त्यावरील व्यासभाष्यात विषयांच्या ठिकाणी पाच दोष दाखवले आहेत: अर्जन म्हणजे मिळवण्याचा खटाटोप, रक्षण म्हणजे सांभाळण्याची चिंता, क्षय म्हणजे झिजणे आणि नाहीसे होणे, संग म्हणजे आसक्ती, आणि हिंसा म्हणजे त्या विषयाच्या निमित्ताने इतरांना होणारी पीडा. हे दोष ओळखून विषयांचा स्वीकार न करणे म्हणजे अपरिग्रह, असे भाष्यकार सांगतो. ही व्याख्या योग्याला शोभणारी आहे. गृहस्थ कलावंताला मात्र वाद्याचा स्वीकार टाळता येत नाही, कारण त्याची विद्या आणि त्याची भाकरी दोन्ही त्यावरच उभ्या असतात. येथे उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रातील भेद उपयोगी पडतो. त्या ग्रंथाने परिग्रहाचे लक्षण वस्तूत न पाहता मूर्च्छेत, म्हणजे 'हे माझे' या ममत्वातून येणाऱ्या मोहात पाहिले आणि व्रतांचे महाव्रत व अणुव्रत असे दोन प्रकार मानले. साधूचे महाव्रत संपूर्ण त्यागाचे असते, तर गृहस्थाच्या अणुव्रतात, म्हणजेच परिग्रहपरिमाणात, आपल्याला किती लागते हे आधी ठरवून त्या सीमेत राहणे एवढेच अपेक्षित असते. या व्रताचे मर्म 'आधी' या क्रमात आहे: माप प्रथम येते आणि इच्छेला त्या मापात बसावे लागते.

हा विचार इतर वाद्यांपेक्षा सिंथेसायझरला अधिक का लागू पडतो, हे त्याच्या घडणीवरून कळते. भरताच्या नाट्यशास्त्राने वाद्यांचे तत, सुषिर, अवनद्ध आणि घन, म्हणजे तारांची, फुंकीची, कातड्याने मढवलेली आणि ठोस धातूची, असे चार वर्ग केले. युरोपात एरिक फॉन हॉर्नबोस्टेल आणि कुर्ट झाक्स यांनी १९१४ मध्ये मांडलेले वर्गीकरणही मुळात चारच वर्गांचे होते. विद्युत्-वाद्यांचा पाचवा वर्ग झाक्स यांनी १९४० मध्ये जोडला. पहिल्या चारही वर्गांत ध्वनीची सीमा वाद्याच्या देहातूनच येते. सतारीचा भोपळा, पखवाजाची शाई, बासरीची पोकळी यांनी त्या वाद्याला काय बोलता येईल आणि काय येणार नाही हे कायमचे ठरवून टाकलेले असते आणि वादकाची साधना त्या सीमेच्या आत खोल जाण्याची असते. सिंथेसायझरमध्ये देह आणि ध्वनी यांचे हे नाते तुटते. त्यातील 'ऑसिलेटर' नावाचे विद्युत्-मंडल एक लहर निर्माण करते, 'फिल्टर' त्या लहरीतील काही अंश गाळून तिचा रंग बदलतो, आणि 'एन्व्हलप' हा भाग ध्वनी किती वेगाने उमलावा, किती टिकावा आणि कसा विरावा हे ठरवतो. दुसऱ्या पद्धतीत एका लहरीने दुसरीची कंप्रता हलवून गुंतागुंतीचा नाद मिळवतात, आणि तिसऱ्या पद्धतीत खऱ्या वाद्यांचे ध्वनिमुद्रित नमुने साठवून पट्टी दाबताच ते वाजवतात. तिन्हींत वाद्याचा देह स्वतःहून फारसे काही नाकारत नाही. जी सीमा सतारीला लाकडाने आणि तारेने घालून दिली, ती सीमा येथे वादकाला स्वतःच्या विवेकाने घालावी लागते, आणि म्हणूनच परिमाणाचा प्रश्न या वाद्याच्या स्वभावातच आहे.

इतिहासाने हा प्रश्न अधिक तीव्र केला आहे. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ मध्ये डेव्हिड ट्यूडर यांनी मूग सिंथेसायझरचा संच उभा केला, तेव्हा असे यंत्र ही एखाद्या संस्थेनेच बाळगावी अशी गोष्ट होती. १९७० मध्ये आलेल्या मिनीमूगने ते व्यासपीठावर नेता येईल इतके आटोपशीर केले. १९८३ मध्ये यामाहाचा डीएक्स७ बाजारात आला, आणि त्याच वर्षी निरनिराळ्या कंपन्यांच्या वाद्यांना एकमेकांशी बोलता यावे यासाठी ठरवलेली 'मिडी' ही संकेतप्रणाली प्रत्यक्ष वापरात आली. पुढे कॅसिओच्या स्वस्त वाद्यांनी घरोघरी अशी जागा मिळवली की मराठी बोलण्यात कोणत्याही कीबोर्डला सरसकट 'कॅसिओ' म्हटले जाऊ लागले. आज स्वस्त वाद्यातही शेकडो टोन असतात. दुर्मीळता संपली आहे, आणि ती घालत असलेली शिस्तही तिच्याबरोबर संपली आहे.

माप ठरवण्यासाठी प्रथम कार्य पाहावे लागते आणि येथे कार्ये दोन आहेत, ज्यांच्या मागण्या एकमेकींशी पूर्णपणे जुळत नाहीत. कार्यक्रमात, ज्याच्या बोलणीला कलावंतांच्या बोलीत 'सुपारी' म्हणतात, वादकाला गाण्याच्या दोन कडव्यांमध्ये टोन बदलावा लागतो, डाव्या हाताला एक आणि उजव्याला दुसरा ध्वनी हवा असतो, गायकाने ऐनवेळी काळी एकऐवजी काळी दोन धरली तर 'ट्रान्सपोज'ने पट्टी बदलावी लागते, आणि एकाच वेळी वाजू शकणाऱ्या स्वरांची संख्या, म्हणजे 'पॉलिफोनी', इतकी असावी लागते की लांबवलेला स्वर मध्येच तुटू नये. त्यासाठी पूर्ण आकाराच्या एकसष्ट पट्ट्या, झटपट हाताशी येणारी बटणे आणि उचलता येण्याजोगे वजन यांना महत्त्व येते. घरच्या रचनेत मात्र घाई नसते; तेथे ध्वनीच्या आत शिरून त्याचा रंग घडवण्याची सोय, संगणकाशी सरळ जोडणी, आणि शेजाऱ्यांची झोप न मोडता रात्री काम करू देणारा हेडफोन यांची गरज असते. पहिल्या कार्यात वाद्य इतरांच्या सेवेत असते आणि विश्वासार्हता हा त्याचा गुण ठरतो, तर दुसऱ्या कार्यात ते शोधाच्या सेवेत असते आणि त्याची खोली पाहिली जाते. दोन्ही गुण सर्वोच्च प्रतीचे हवेत असा हट्ट धरला की अंदाजपत्रक मोडते. कोणत्या कार्यात किती उणे चालेल हे प्रामाणिकपणे ठरवणे हीच परिमाणाची पहिली पायरी होय.

व्यासभाष्यातील पाच दोष या ठिकाणी कसोटीसारखे वापरता येतात. अर्जनाचा दोष हप्त्यांवर घेतलेल्या वाद्यात स्पष्ट दिसतो, कारण कर्ज फेडण्यासाठी वादकाला येईल ती सुपारी घ्यावी लागते आणि ज्या घरच्या रचनेसाठी महागडे वाद्य घेतले तिच्यासाठीच वेळ उरत नाही. साधन साध्याला गिळते ते असे. रक्षणाचा दोष पावसाळ्यातल्या दमट मांडवात, जनरेटरच्या कमीजास्त होणाऱ्या विजेवर आणि टेम्पोच्या हौद्यात अनुभवाला येतो. जे वाद्य अशा ठिकाणी नेण्याची धास्ती वाटते ते कितीही उत्तम असले तरी कार्यक्रमाचे वाद्य होऊ शकत नाही, आणि या दृष्टीने स्वस्तपणा हा एक प्रकारचा निर्भयपणा आहे. क्षयाचा दोष जुने वाद्य घेताना विशेष पाहावा लागतो: पट्ट्यांखालील रबरी संपर्क झिजतात, आणि डीएक्स७सारख्या वाद्यांत घडवलेले टोन टिकवणारी आतली बॅटरी संपली की स्मृतीही जाते; त्यामुळे वापरलेल्या वाद्याची किंमत ठरवताना दुरुस्ती करणारा कारागीर जवळपास आहे का, हे किमतीइतकेच महत्त्वाचे ठरते.

संगाचा दोष सर्वांत सूक्ष्म आहे, कारण तो साधनेचा वेष घेऊन येतो. नवे वाद्य आणल्यावर वादक संध्याकाळ-संध्याकाळ टोनमागून टोन ऐकत बसतो, प्रत्येकात एखादी शक्यता पाहतो, आणि एकही चाल पूर्ण न करता संगीताजवळ असल्याचे समाधान मिळवतो. नंतर त्या टोनांचा कंटाळा आला की दोष वाद्याला दिला जातो आणि पुढच्या वाद्याची वर्णने वाचणे सुरू होते. मूर्च्छा म्हणतात ती हीच अवस्था होय, आणि तिचा किमतीशी संबंध नाही. स्वस्त वाद्यांचा ढीग करणाराही तिच्यात असू शकतो आणि एका महाग वाद्यावर वीस वर्षे काम करणारा तिच्यापासून मुक्त असू शकतो.

हिंसेचा दोष सर्वांत कमी बोलला जातो. तो एका बाजूला मोडीत निघालेल्या विद्युत्-मंडलांच्या विषारी कचऱ्यात आहे आणि दुसऱ्या बाजूला माणसांच्या उपजीविकेत आहे. मुंबईच्या चित्रपटसंगीतात एकेकाळी व्हायोलिन, चेलो आणि ब्रास वाजवणाऱ्यांचे मोठे वाद्यवृंद असत आणि त्यांत गोव्याच्या वादकांचा वाटा फार मोठा होता; सिंथेसायझर आणि संगणकावरील ध्वनिमुद्रण रुळल्यावर त्यांपैकी अनेकांचे काम गेले. एकट्या कीबोर्डवादकाला हा प्रवाह उलटवता येणार नाही, आणि आयोजकाचे पैसे थोडे असताना सगळा वाद्यवृंद मागणे त्याच्या हातात नसते. तरीही ढोलकीवाला उपलब्ध असताना यंत्रातला ढोलकीचा ठेका न लावणे, एवढे त्याच्या हातात असते. वाद्याला जमते ते सर्व वाद्याकडून करून न घेणे हेही परिमाणच आहे.

परिमाण पाळल्याचा देखावा करणेही सोपे असते, हे जैन आचार्यांनी बारकाईने ओळखले होते. बाराव्या शतकातील हेमचंद्रांच्या योगशास्त्रात या व्रताचे अतिचार, म्हणजे व्रत न मोडल्याचे भासवून केलेले उल्लंघन, सांगितले आहेत. त्यांपैकी एक असा की, घरांची किंवा शेतांची संख्या ठरवून घेतलेल्या गृहस्थाने शेजारची मिळकत घ्यावी, मधली भिंत किंवा बांध काढून टाकावा आणि संख्या तीच राहिली असे म्हणावे. एकच सिंथेसायझर बाळगण्याचे ठरवणारा संगीतकार जेव्हा संगणकावर सवलतीत मिळणारी डझनावारी सॉफ्टवेअर-वाद्ये, 'प्लगइन', भरत जातो आणि टेबलावर अजूनही एकच वाद्य आहे असे स्वतःला सांगतो, तेव्हा तो हाच बांध काढत असतो. म्हणून परिमाण वस्तूंच्या संख्येवर न थांबता लक्षाच्या विभागणीपर्यंत पोहोचले पाहिजे.

या प्रतिपादनावर एक गंभीर आक्षेप येतो. गरिबीला व्रताचे नाव देणे ही गरिबाची फसवणूक आहे, आणि ज्याला चांगले वाद्य परवडत नाही त्याला मर्यादेचा महिमा सांगणे सोपे असते, असे म्हणता येईल. आक्षेप खरा आहे आणि त्याचे उत्तर अभाव आणि परिमाण यांतील भेदात आहे. अभाव बाहेरून लादलेला असतो, तर परिमाण कर्त्याने स्वतः आखलेले असते; अभाव कार्याला अडवतो, परिमाण कार्याला आकार देते. ज्या वाद्यावर चार स्वरांपलीकडे पाचवा धरला की पहिला तुटतो, त्यावर दोन हातांची साथ करणाऱ्याला संयमाचा उपदेश करणे अन्यायाचे आहे. त्याला दुसरे वाद्यच हवे. एकच वस्तू एका कार्यासाठी अभाव आणि दुसऱ्यासाठी परिमाण ठरू शकते, म्हणून 'पुरेसे' हा वस्तूचा गुण नसून वस्तू, कार्य आणि कर्ता यांच्यातील संबंध आहे.

लादलेल्या मर्यादेचे एक बोलके उदाहरण हार्मोनियमच्या इतिहासात आहे. या वाद्याचे बारा स्वर समान अंतराने बसवलेले असतात. सप्तकाचे १२०० भाग, म्हणजे 'सेंट', कल्पिले तर त्यातील शुद्ध गंधार षड्जापासून ४०० सेंटवर येतो, तर तंबोऱ्याशी जुळणारा नैसर्गिक गंधार सुमारे ३८६ सेंटवर असतो. हे अंतर कानाला बोचते म्हणून सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि ई. क्लेमेंट्स यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी श्रुतींनुसार जुळवलेल्या हार्मोनियमचा प्रयत्न केला, आणि अलीकडे डॉ. विद्याधर ओक यांनी बावीस श्रुतींचे हार्मोनियम घडवले. आकाशवाणीने मात्र १९४० मध्ये हार्मोनियमवर बंदीच घातली आणि ती १९७१ पर्यंत टिकली. बंदीमागील स्वरविचार चुकीचा नव्हता. तरी बंदीने वादकाचा विवेक घडवला नाही. देवल आणि ओक यांनी त्याच उणिवेकडे कार्याच्या बाजूने पाहिले आणि वाद्यात नेमके काय बदलायला हवे ते शोधले. सिंथेसायझर घेणाऱ्या मराठी संगीतकारापुढे हाच प्रश्न उभा असतो: रागाधारित चाली बांधायच्या असतील तर प्रत्येक स्वर वेगळा जुळवण्याची सोय, 'मायक्रोट्यूनिंग', आणि मींडेसाठी स्वर सरकवणारे 'पिच बेंड'चे चाक या गोष्टी हजार टोनांपेक्षा मोलाच्या ठरतात.

चरणजित सिंग यांचे काम या संदर्भात आठवण्यासारखे आहे. मुंबईच्या चित्रपटसंगीतात वादक असलेल्या सिंग यांनी १९८२ मध्ये दहा रागांना डिस्कोचा ठेका देणारी ध्वनिमुद्रिका केली. तीत रोलंडची तीन यंत्रे होती: ज्युपिटर-८ हा महागडा सिंथेसायझर, टीआर-८०८ हे तालयंत्र आणि टीबी-३०३ हे छोटे बेसयंत्र. टीबी-३०३ हे बेस गिटारवादकाची जागा भरण्यासाठी काढलेले यंत्र होते आणि गिटारसारखे वाजत नाही म्हणून ते बाजारात पडले. परंतु एका स्वरातून दुसऱ्यात घसरत जाण्याचा त्याचा धर्म रागाच्या चलनाला जवळचा होता आणि सिंग यांनी तो कामाला लावला. ध्वनिमुद्रिका त्या काळी चालली नाही. २०१० मध्ये ती पुन्हा प्रसिद्ध झाल्यावर तिचे मोल जगाला कळले. मधल्या काळात शिकागोतील तरुणांनी जुन्या बाजारात स्वस्तात मिळणाऱ्या याच यंत्रातून 'अ‍ॅसिड हाउस' ही नृत्यसंगीताची धारा निर्माण केली, आणि मग त्या यंत्राची किंमत आकाशाला भिडली. यंत्र तेच राहिले; स्वस्त असताना ते साधन होते आणि महाग झाल्यावर अनेकांच्या मूर्च्छेचा विषय झाले. कान देऊन ऐकणाऱ्याने त्यात जे शोधले ते संग्राहकाला किमतीने मिळत नाही.

या विचारातून प्रत्यक्ष निवडीचा मार्ग असा निघतो. साथ आणि रचना दोन्ही करणाऱ्याने एकच वाद्य घ्यायचे तर ध्वनिमुद्रित नमुन्यांवर चालणारा, एकसष्ट पट्ट्यांचा हलका सिंथेसायझर हा पाया धरावा. यामाहाचा एमएक्स६१ किंवा रोलंडचा जुनो-डीएस६१ या जातीची वाद्ये सुमारे पाच किलो वजनाची आणि १२८ स्वर एकाच वेळी धरणारी असून, नवी मिळाली नाहीत तरी वापरलेली शोधण्याजोगी आहेत. ज्याचा बहुतेक चरितार्थ मराठी-हिंदी गाण्यांच्या साथीवर आहे, त्याने भारतीय टोन आणि ठेके असलेल्या यामाहाच्या पीएसआर-आय मालिकेकडे कमी प्रतीचे म्हणून पाहू नये, कारण त्याच्या कार्याला तीच जवळची आहे. कॉर्गचा मायक्रोकॉर्ग ध्वनी घडवायला शिकवतो, परंतु त्याच्या सदतीस लहान पट्ट्या आणि चार स्वरांची मर्यादा दोन हातांच्या साथीला अपुरी पडते. कॉर्गच्याच मोनोलॉगमध्ये मायक्रोट्यूनिंग आहे, पण तो एका वेळी एकच स्वर देतो. म्हणून ही दोन्ही रचनाकाराची वाद्ये आहेत, साथीदाराची नव्हेत. घरी संगणक असेल तर ध्वनिघडणीची आणि श्रुतींची गरज सर्ज एक्सटीसारख्या मोफत सॉफ्टवेअर-वाद्याने भागते, आणि मग एवढ्याच एका जोडीवर बांध घालता येतो. दुकानात जाण्यापूर्वी नेहमीच्या दहा गाण्यांना लागणारे टोन लिहून काढावेत, तेवढेच तेथे ऐकावेत आणि बाकीचे न ऐकताच परतावे. घेतल्यावर निदान एक वर्ष दुसऱ्या वाद्याचा विचार न करता स्वतः घडवलेले मोजके टोन पूर्णपणे आत्मसात करावेत.

व्रत म्हणजे कायमचा तुरुंग नव्हे. कार्य बदलले, विद्या वाढली आणि वाद्य खरोखर अडवू लागले, तर माप पुन्हा आखण्यात दोष नाही. त्या वेळी जुने वाद्य कपाटात न ठेवता एखाद्या शिकणाऱ्याच्या हाती देणे हे परिमाणाला धरूनच होईल. पाहायचे इतकेच की नवे माप कार्याने मागितले आहे की मूर्च्छेने, आणि हे दुसऱ्या कोणाला सांगता येत नाही. ते वादकाने आपल्या अपुऱ्या राहिलेल्या आणि पूर्ण झालेल्या चालींकडे पाहून स्वतःच ठरवायचे असते. ज्याच्या चाली वाद्याच्या सीमेपाशी येऊन थांबल्या आहेत त्याला मोठे वाद्य घेण्याचा अधिकार आहे. ज्याच्या चाली सुरूच झालेल्या नाहीत त्याला कोणतेही वाद्य पुरणार नाही.